भाऊंचे सुटे भाग

बंद पडलेला लॅपटॉप हातात आला की भाऊ तो आधी कानाला लावायचे. डोळे मिटायचे, बाहेरच्या ऑटोवाल्याला हातानेच गप्प करायचे आणि मग म्हणायचे, "जीव हाय. घाबरू नका." बंद यंत्रातून काय ऐकू येतं, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही. तुमचीही झाली नसती. दुसरीकडून 'नवीनच घ्या' ऐकून आलेल्या माणसाला तेवढंच ऐकायचं असतं.

औंढ्याला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळ-फुलांच्या दोन दुकानांमध्ये त्यांचं दुकान होतं. परगावचे भाविक तिथे चपला ठेवू का म्हणून विचारायचे. भाऊ "ठेवा" म्हणायचे. लॅपटॉपपेक्षा चपला लवकर परत मिळायच्या.

मी जवळच्या गावात मास्तर. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या ऐन दिवसांत माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपचा कीबोर्ड गेला. हिंगोलीच्या दुकानात खर्च ऐकला आणि लॅपटॉप काखेत मारून परत आलो. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी कीबोर्ड बसवून दिला आणि घेतली फक्त मजुरी.

"आणि पार्टाचे?"

"पार्ट घरचाच हाय, सर."

माणूस पुण्य जोडतोय, असं मला वाटलं. त्या कीबोर्डच्या एका बटणाला लाल नेलपॉलिश लावलेलं होतं. तिकडे मी लक्ष दिलं नाही.

पुढे तालुक्याला एक प्रशिक्षण होतं. शेजारी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका बसल्या होत्या. बराच वेळ त्या माझ्या लॅपटॉपकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, हे बटन माझं हाय."

अक्षर पुसलं गेलं म्हणून ते त्यांनीच रंगवलं होतं. स्क्रीन फुटल्याने त्यांचा लॅपटॉप कधीपासून भाऊंकडे पडून होता. "रोज म्हनतेत, स्क्रीन नांदेडहून येऊन राहिला."

आम्ही दोघं दुकानात गेलो. भाऊंनी आम्हाला एकत्र पाहिलं आणि आधी तीन चहा सांगितले.

"स्क्रीन येईपर्यंत तुमचा कीबोर्ड नुसता पडून व्हता, म्याडम. तिकडं सरांच्या लेकरांचे फॉर्म अडले व्हते. मी काय चूक केली?"

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिला असता?"

मॅडम प्रामाणिक होत्या. "न्हाई."

"म्हनून न्हाई विचारलं."

मी ओशाळून लॅपटॉप पुढे केला, काढून घ्या म्हटलं. मॅडमनी तो माझ्याकडे परत सरकवला. "फॉर्म होऊ द्या आधी. मग बघू." चहाचे पैसे आम्हीच दिले.

मग हळूहळू कळत गेलं. बँकेतल्या साहेबांचा पंखा कनेरगाव नाक्यावरच्या ढाबेवाल्याच्या लॅपटॉपात फिरत होता, ढाबेवाल्याची बॅटरी आणखी कुणाकडे होती. दुरुस्ती इतकी स्वस्त कशी पडते, याचा उलगडा झाला. तरी कोणी दुसरीकडे गेलं नाही. चिडलेला माणूस रस्त्यावर उभा राहून हिशोब करायचा आणि पुन्हा पायरी चढायचा.

यंदा उन्हाळ्यात भाऊ गेले. जेवता जेवता छातीत कळ आली, एवढंच.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या बायकोने शटर उघडलं. आम्ही सगळे आपापलं न्यायला जमलो. ढाबेवाला तर भांडायच्याच तयारीने आला होता. वहिनी दारात उभ्या होत्या.

"ज्याचं त्यानं वळखून न्या. समदं बराबर हाय ना?"

मॅडमनी आपला लॅपटॉप उघडून पाहिला. स्क्रीन नव्हता आणि बटणांच्या जागी नुसता खड्डा होता. त्यांनी तो मिटला. "बराबर हाय, वहिनी." त्यानंतर तक्रार करायची सोय कोणालाच राहिली नाही.

आम्ही निघणार, तोच वहिनींनी टेबलावरचा लॅपटॉप पुढे केला. "ह्यो ह्यांचा सोताचा. फोटू हायत म्हने ह्यात. कोनी चालू करून देता का?"

मागचं झाकण काढलं तर बॅटरी नाही, रॅम नाही. भाऊंनी स्वतःलाही सोडलं नव्हतं. मग ढाबेवाल्याने आपला लॅपटॉप टेबलावर आडवा केला. "माझी रॅम काढा, बसती का बघा." चार्जर साहेबांनी दिला. स्क्रू हातातून पडत होते, आम्ही वाकून वाकून शोधत होतो. शेवटी एकदाचा तो चालू झाला.

फोटो घरच्यांचे असतील, असं आम्हाला वाटलं होतं. होते ते सगळे उघडलेल्या लॅपटॉपांचे. कोणता स्क्रू कुठला, हे विसरू नये म्हणून काढलेले. मी एकेक पुढे ढकलत होतो आणि वहिनी नातेवाइकांचे असावेत तसे ते फोटो बघत होत्या.

"थांबा."

त्या फोटोत एक बंद, काळा स्क्रीन होता. त्यात भाऊ दिसत होते. हातात मोबाईल, एक डोळा बारीक केलेला.

वहिनी जवळ आल्या, पदराने त्यांनी काच पुसली.

"त्या दिवशी दाढी न्हाई केली," त्या म्हणाल्या.