डिसेंबरातली संक्रांत

मी देव मानत नाही, सूर्य मानतो. तो निदान सिद्ध करता येतो. ऋतू आणि ऊन पुजणाऱ्याला इकडे आयर्लंडमध्ये पेगन म्हणतात, तेव्हा मी स्वतःला विज्ञाननिष्ठ पेगन म्हणवतो. (बायको शलाका मला रिकामटेकडा म्हणते. फार फरक नाही.)

गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे ड्रोहेडाला आली. मी तिला पटवलं, की पंचांग मागे पडलंय, उत्तरायण खरं डिसेंबरातच लागतं, तेव्हा संक्रांत एकवीस तारखेलाच करायची. आई चक्क हो म्हणाली. ती इतक्या सहज कधीच हो म्हणत नाही, पण मी शास्त्र सांगण्यात दंग होतो.

एकवीसला सकाळी आंघोळ करून, तांब्या घेऊन ती खिडकीत उभी. "संक्रांतीला सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी खात नाही, माहितीये ना?"

फोनवर उपग्रहाचं चित्र पाहिलं. ढग थेट आइसलँडपर्यंत.

"आई, तो तिथेच आहे. शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याच्या जरा वर. दे तिकडे पाणी."

"दिसतोय का?"

"दिसत नाही, पण असतो गं. विश्वास ठेव."

"दिसेल तेच खरं, असं कोण म्हणतं रोज?"

अकरा वाजले. आईची शुगरची गोळी उपाशीपोटी चालत नाही. तिचं तोंड एवढंसं झालं, तांब्याचा हात थरथरायला लागला, आणि मी खरंच घाबरलो. लेक जिन्यावरून म्हणाली, "डॅड, आजी इज स्टार्विंग, लाईक." शलाकाने गोळीची डबी माझ्यासमोर आणून ठेवली. ते जास्त लागलं.

मग मला सुचलं. साताऱ्यात मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या गच्चीवर लख्ख ऊन! तिने फोन सूर्याकडे धरला.

"हे झालं थेट निरीक्षण," मी जाहीर केलं, आणि आईला नीट दिसावा म्हणून माझा फोन ताम्हणात वाटीला टेकवून उभा केला. (हो, ताम्हणात. मीच.)

मी लेकीला प्रकाश एवढ्या लांबून कसा येतो ते समजावत होतो. तेवढ्यात आईने डोळे मिटले, "ॐ सूर्याय नमः" म्हणाली आणि अख्खा तांब्या ओतला.

सूर्य आधी लाल झाला, मग हिरवा, मग मावळला.

"पोचलं हो," म्हणून आई तिळाच्या पोळीवर तूप घेऊन बसली. दोन घासांत तिचा हात स्थिरावला. माझा जीव भांड्यात पडला आणि फोन तांदळाच्या डब्यात.

तिसऱ्या दिवशी शलाकाने मला स्वयंपाकघरात पकडलं. कपाट उघडं, आणि मी तांदळाच्या डब्यासमोर हात जोडून उभा.

"हे काय?"

"निरीक्षण," मी म्हणालो.

डब्यावर आईने कुंकवाचं बोट ओढलं होतं. विज्ञाननिष्ठ माणसाने ते पुसायला हवं होतं. म्हटलं, फोन सुरू होईपर्यंत राहू दे.