वरच्या खोलीतला वधूवर मेळावा

“ही किल्ली घ्या, मावशी. महिनाअखेरीला खोली रिकामी करते.”

“किल्ली ठेव तिथे, आणि आधी सांग, मी वाकडं काय केलं?”

“काय नाही केलंत ते विचारा.”

हे भांडण जरा असंच तापत राहू दे. तुम्ही चहा घ्या, तोवर मी मागचं सांगते. चूक माझी होती, आणि माझी चूक मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितलेली मला खपत नाही.

नव्वदनंतरची गोष्ट, नक्की साल विचारू नका. मी मूळची ठाण्याच्या खाडीवरची कोळीण. लग्न होऊन डोंबिवलीत आले, बाजारात मासळी विकली, नवरा गेल्यावरही विकली, आणि त्या मासळीवर दुमजली घर बांधलं. शाळेची पायरी चढले नाही. दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकले. आधी ‘किराणा’ वाचता आलं. मग एक दिवस ‘केशकर्तनालय’ न अडखळता वाचलं, आणि दुपारभर बाजारात कोणाशी सरळ बोलले नाही, इतका ताठा.

वरची खोली शैलाला दिलेली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिशीची, एकटी, शांत. रविवारी मात्र दुपारी चारला तिच्याकडे माणसं यायला लागली. आधी चार, मग सहा, मग दहा-बारा. सगळी पंचविशी-तिशीची, नोकरीवाली. दर खेपेला एखादा नवा चेहरा. फाटकापाशी दोन फेऱ्या मारणार, घाम पुसणार, मग हळूच विचारणार, “शैलाताई इथेच राहतात का?” मुलगे भांग पाडून, मुली ठेवणीतला ड्रेस घालून. वर गेल्यावर आधी शांतता, मग हसणं, मधेच कोणाचं तरी रडणं, मग परत हसणं. शिवाय शैलाला जाड जाड पाकिटं यायची, गावोगावची.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? लाजलेली मुलं, लाजलेल्या मुली, पाकिटं, रडारड. मी समजले, पोरीने वधूवर सूचक मंडळ काढलंय, आणि संकोचापायी मला सांगत नाहीये.

मग मी मागे राहते होय? पुढच्या रविवारी परातभर कांदेपोहे केले. वर नेऊन ठेवले. सगळे माझ्याकडे बघत राहिले. “खा,” म्हटलं, “याशिवाय काही जमत नाही.” मिलिंद म्हणून बँकेतला एक मुलगा होता, त्याला इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. मी खाली आले. पोहे ठेवायचे आणि खाली यायचं, हा माझा नेम झाला. मग ओटीवर बसून वरचं हसणं ऐकायचं. रविवारचे ते दोन तास माझं घर भरलेलं असायचं.

एकदा तर त्यांनी गच्चीवर रंगीत कागदाच्या पताका लावल्या. कसलं तरी एक वर्ष पूर्ण झालं होतं. एकामागे एक हात धरून गच्चीला फेऱ्या घातल्या, टाळ्यासुद्धा हलक्या, शेजारी ऐकू जाऊ नये अशा. मिलिंद म्हणाला, “एक दिवस आपण ही फेरी खाली रस्त्यावरून काढू. ढोल लावून.” आणि सगळे एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्यात काय होतं ते मला जिन्यातून दिसत नव्हतं. मी म्हटलं, वरात. पोरांना वरातीची घाई झालीय आणि वर्ष झालं तरी एक लग्न जमत नाही. कारण उघड आहे, जाहिरात नाही.

म्हणून मी बोर्ड रंगवला. आयुष्यातला माझा पहिला. स्वतःच्या हाताने, हिरव्या ऑइलपेंटने. ‘वधूवर मेळावा. दर रविवारी दुपारी चार. जिना मागून. जात विचारू नये.’ एक फाटकावर लावला, एक पिठाच्या गिरणीत. बाजारात तोंडाने सांगितलं. बातमी मासळीबरोबर कल्याणच्या कांदा बाजारात गेली आणि तिथून कुठे कुठे गेली ते मला माहीत नाही. शैला त्या शनिवारी पेपर तपासायला ठाण्याला होती. रविवारी थेट चारला, मागच्या गल्लीतून आली, बोर्ड तिने पाहिलाच नाही; बाकीच्यांना वाटलं, तिनेच आडोशाला लावलाय.

तिच्या मागोमाग अकरा बाप आले. पत्रिका घेऊन, फोटो घेऊन, दोघे तर मुलीच घेऊन.

मी पोह्यांची दुसरी परात घेऊन वर गेले तर कल्याणचे एक आडतवाले गृहस्थ रेखा आणि वनितासमोर बसलेले. या दोघी नेहमी जोडीने यायच्या, एक टायपिस्ट, एक नर्स. गृहस्थांचा मुलगा लग्नाचा होता.

“स्वयंपाक कोणाला येतो?”

“हिला,” रेखा म्हणाली.

“मग तुम्ही काय करता?”

“मी जेवते.”

“लग्नानंतर?”

“तेव्हाही हिच्याच हातचं जेवीन म्हणते.”

गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “बहिणी वाटतं. एका घरात दोन मुलगे असलेलं स्थळ बघायला हवं.” मी जोरात मान हलवली. मला तर ते फारच पटलं.

तेवढ्यात जिन्यातून माजिवड्याचे एक जाडे गृहस्थ वर आले, हातात पत्रिका. मिलिंदला बघून थबकले. “अरे मिल्या, तू?”

मिलिंद उभा राहिला. पांढराफटक. “मामा.”

“घरात मामाची मुलगी असताना तू इथे डोंबिवलीत मुली बघत हिंडतोस? आमची शोभा काय वाईट आहे? मी तिचीच पत्रिका घेऊन दारोदार फिरतोय आणि भाचा इथे पोहे खातोय.” आणि दंडाला धरून त्याला खाली नेलं. मी मागून म्हणाले, “बघा, घरातल्या घरात जमलं.”

हो. असं म्हणाले मी.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. मी केलेले पोहे रात्री मीच खाल्ले. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी शैला किल्ली घेऊन खाली आली. तर, आपण इथे होतो.

“मी तुमचं भलं करायला गेले,” मी म्हटलं.

“आम्हाला लग्नं जमवायची नव्हती, मावशी. बसायला जागा हवी होती. रेखा-वनिता बहिणी नाहीत. त्या एकमेकींच्या आहेत. मिलिंदला शोभा नको, कुठलीच मुलगी नको. त्याला मुलगा हवा आहे. वर येणारे सगळे असे आहेत. मीसुद्धा. आठवडाभर खोटं बोलायचं आणि रविवारी दोन तास खरं. शीळफाट्यापलीकडून दोन बस बदलून येतात लोक त्या दोन तासांसाठी. ज्यांना येता येत नाही ते पाकिटं भरून पत्रं लिहितात. आता मिलिंदला घरातून सोडत नाहीत आणि बाकीचे घाबरलेत.”

“मग आधी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर खोली दिली असतीत?”

“विचारून बघायचं होतंस.”

“असं विचारून बघता येत नाही.”

मी चिडले. खोटं कशाला, तिच्यावर नाही, पण समोर तीच होती. “मिलिंदचं मी बघते. उद्याच माजिवड्याला जाते. मामाला सांगते, पोरगा मेळाव्यात एकूण एक मुलीने नाकारला. मग बघू कोण देतो मुलगी.”

शैलाला हसू आलं, ते तिने दाबलं. “आणि बाकीच्यांचं? तुम्हाला नाही कळायचं, मावशी.”

हे मला झोंबलं. “मला नाही कळायचं?” मी म्हटलं. “बाजारात माझ्या शेजारी हिरा बसायची. बारा वर्षं. बाजार उठला की एका ताटात जेवायचो, एकीच्या टोपलीत मासळी उरली की दुसरी घरी जायची नाही. तिचा पदर माझ्या खांद्याला लागला नाही तर मला दिवस उगवल्यासारखा वाटायचा नाही. भावाने तिला वसईकडे दिली. जाताना बोलली, शेजारी दुसरी बसवू नकोस. नाही बसवली. एकोणीस वर्षं ती जागा मी धरून ठेवली. कोणी टोपली ठेवली की उचलून फेकायचे. लोक म्हणायचे कोळीण भांडकुदळ आहे. बोलू दे. अजून वसईची बोली कानावर पडली की मी मान वळवते. नवरा चांगला होता बिचारा, त्याच्यासाठी रडले, पण त्याची जागा मी कधी धरून ठेवली नाही. आणि तू मला सांगतेस, कळायचं नाही म्हणून.”

माझा आवाज चढलेला होता. थांबले तेव्हा मलाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

शैलाने टेबलावरची किल्ली उचलली, कंबरेला खोचली आणि म्हणाली,

“मावशी, येत्या रविवारी वर या आणि बसा, तुमची पत्रिका कोणी मागणार नाही.”