दोनदा आलेली ओळ

गुरुवारी सकाळी माझा नवरा चहाचा कप घेऊन त्याच्या खोलीत गेला. सासूबाईंनी हाक मारली तेव्हा त्यानं ओ दिली नाही. डॉक्टर आले, त्यांनी कागदावर वेळ लिहिली. टेबलावर लॅपटॉप होता. तो बंद होता.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. लॅपटॉप चालू असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

आम्ही हिंदी मुलखात, चेरीतालला राहतो. मी कॉलेजात इतिहास शिकवते. तो घरूनच काम करायचा, एका लहानशा कंपनीसाठी. काय काम, हे इथल्या मराठी मंडळींना त्याला कधी सांगता आलं नाही. मला त्यानं सांगितलं होतं ते असं. यंत्र सुरू झालं की सगळ्यांत आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, बूटलोडर. तो बाकीच्यांना उठवतो, पण उठवण्याआधी प्रत्येकाची खूण घेतो आणि ती बोर्डावरच्या एका चिपकडे देतो. सगळ्या खुणा जुळल्या तरच चिप आपल्याजवळची किल्ली सोडते. बूटलोडरनं चिपशी बोलायचं कसं, आधी काय विचारायचं, किती थांबायचं, तिचं उत्तर कसं ओळखायचं, हे लिहून ठेवावं लागतं. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो माझा नवरा लिहायचा.

मला यातलं फार कळतं असं नाही. पण इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाची मुद्रितं मी तपासते, आणि मुद्रितं तपासायला दोन माणसं लागतात. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या मजकुरावर बोट ठेवून ऐकायचं. वाचायला मी त्यालाच बसवायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तो उच्चारून वाचायचा. पुढे त्यानं हीच रीत आपल्या कामाला लावली. लिहून झालं की त्याची एक प्रत माझ्यापुढे ठेवायचा आणि पडद्यावरून वाचायचा: कंस उघडा, कंस बंद, अर्धविराम. मी अर्थ न कळता बोट फिरवत राहायची. वाचून झालं की तो कागद फाडून टाकायचा, कंपनीचा तसा नियम होता. कधी कधी खरंच चूक सापडायची. मग तो दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटायचा की इतिहासवाल्या बाईनं माझी नोकरी वाचवली.

त्या महिन्यात एक बिघाड त्याला छळत होता. बुधवारी संध्याकाळी आम्ही वाचायला बसलो आणि वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सापडलं. उद्या पाठवून देतो."

अस्थी तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत सोडल्या. परत आलो तर त्याच्या नागपूरच्या सहकाऱ्याचा फोन. हा मुलगा वयानं बराच लहान, त्याला दादा म्हणायचा, मला वहिनी. आधी रडला. मग खूप अडखळत म्हणाला, "वहिनी, आत्ता हे बोलू नये. पण दादानं केलेली दुरुस्ती आमच्याकडे आलीच नाही. त्यांच्याच लॅपटॉपवर आहे. कंपनी थांबून राहिली. नाही मिळाली तर ते काम काढून दुसऱ्या कोणाला देऊन टाकतील, आणि मग दादाचं एवढ्या वर्षांचं लिहिलेलं सगळंच बाजूला पडेल."

मला बाकी काही कळत नव्हतं, एवढं मात्र कळलं. त्याचं शेवटचं काम त्या बंद डब्यात होतं आणि ते बाहेर काढायला हवं होतं.

पण त्या लॅपटॉपमध्येही तशीच चिप होती. सुरू केला की पिन मागायचा. पिन मी कधी विचारला नव्हता. सहकारी म्हणाला, पिन नसला तरी उघडता यावं म्हणून आकड्यांची एक लांबलचक सुटकेची किल्ली कुठेतरी लिहून ठेवलेली असते. ती आम्ही सगळीकडे शोधली, नाही मिळाली.

तेराव्याला घरात माणसं होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर धाकटे दीर खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप, भोवती सगळे.

"लग्नाची तारीख टाकून पाहिली," दीर म्हणाले. "नाही लागली. वाढदिवस पण नाही."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "अरे, तारखेनं काहून टाकून राहिला? तिथीनं टाक. त्याचा वाढदिवस मी तिथीनंच करायची."

"आई, मशीनला पंचांग नाही समजत."

"मग तुझ्यापेक्षा शहाणं नाही म्हणायचं."

तेरा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं. मीही हसले असेन. तेवढ्यात दीरांनी स्कूटरचा नंबर टाकला, आणि पडद्यावर वेगळी ओळ आली. चुकीचे प्रयत्न फार झाले आहेत, असं ती सांगत होती.

नागपूरला फोन केला. सहकाऱ्यानं ती ओळ मला शब्दन् शब्द वाचायला लावली. "आता चिप रागावली," तो म्हणाला. "आता बरोबर पिन दिला तरी ऐकणार नाही. तिला विसरायला वेळ द्यावा लागतो. पण वहिनी, वेळ ती चालू असतानाच मोजते. बंद पडली तर तेवढा वेळ धरत नाही."

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. दिवस उन्हाळ्याचे, वीज जाऊन येऊन. पंख्यासाठी होता तो इन्व्हर्टर दीरांनी खोलीकडे वळवला. पिनच्या पडद्यावर ठेवला तर लॅपटॉप आपोआप बंद व्हायचा, म्हणून सहकाऱ्यानं फोनवरून एकेक कळ सांगत मला आतल्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर नेलं. "इथं सोडून द्या. कशालाच हात लावू नका. खाली एक ओळ दिसते? तिच्यावर जाऊन एंटर दाबलं की चिप सगळंच विसरते. किल्लीसुद्धा. मग कोणीच काही करू शकत नाही."

ती ओळ मला दिसत होती. पुढचे दिवस मला दुसरं काही दिसलं नाही. कॉलेजात शिकवताना वाटायचं, कामवाली दीदी फडकं घेऊन आत गेली असेल. दाराला कुलूप लावलं, तर वाटायला लागलं, वीज गेली असेल आणि आत कुणाला कळलं नसेल. जेवताना उठून पाहून यायची. पंख्याची गती जरा कमी झाली की घास हातात राहायचा.

दीर दारातून म्हणायचे, "वहिनी, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? भैया असता तर म्हणाला असता, चलो, नवीन घेऊ."

"तो असता तर पिन सांगितला असता," मी म्हणाले. ते निघून गेले. पाच मिनिटांनी इन्व्हर्टरचं पाणी पाहायला परत आले.

सहकाऱ्यानं सांगितलेली मुदत भरली. एक प्रयत्न करता येणार होता. मी खुर्चीत बसले, त्याच्याच. काय टाकायचं हे मी रोज ठरवत होते आणि रोज बदलत होते. शेवटी आमच्या पहिल्या घराचा क्रमांक टाकला. चुकला. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तेच वाट पाहणं.

मला त्या चिपचा राग यायला हवा होता. पण ती करत होती ते बरोबर होतं. तिला मी आणि चोर यांतला फरक कळू नये, हेच तर त्यानं आयुष्यभर लिहिलं होतं.

नागपूरला कळवलं. तो म्हणाला, "राहू द्या वहिनी. मी पुन्हा पहिल्यापासून शोधून राहिलो. दिवस थोडेच आहेत, पण बघतो."

"बिघाड काय आहे तरी?" मी विचारलं. इतके दिवस मी हे विचारलंच नव्हतं. मला काय कळणार, असं दोघांनीही धरलं होतं.

"बोर्ड बराच वेळ नुसता पडून राहिला ना, की चिप झोपते. मग बूटलोडरनं विचारलं तर ती उत्तरच देत नाही. बूटलोडर म्हणतो, चिप नाही, आणि तपासणी न करताच पुढे जातो. ते तर फारच वाईट. अन् लगेच पुन्हा सुरू केलं की चिप हजर!"

मी फोन कानाला लावून उभी होते. बुधवारची संध्याकाळ मला जशीच्या तशी ऐकू आली. तो वाचत होता, माझं बोट कागदावर होतं, आणि मी त्याला थांबवलं होतं. "ही ओळ दोनदा आली आहे." मुद्रितात अशी चूक नेहमी होते. एकच ओळ दोनदा जुळते.

तो हसला होता. "चूक नाही ती. पहिल्यांदा विचारलं की ती नुसती जागी होते. उत्तर दुसऱ्यांदा देते. आई दुपारी झोपली की आपण हाक मारतो ना? पहिल्या हाकेला कूस बदलते, दुसऱ्या हाकेला विचारते, काय रे. पहिल्या हाकेला ओ दिली नाही म्हणून आई घरात नाही, असं म्हणायचं का?"

मी हे फोनवर सांगितलं. सांगताना मला खात्री नव्हती. मला तो अर्थ तेव्हा कळला नव्हता, मी फक्त बोट ठेवून होते.

"दोन्हीच्या मधे काही होतं का?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"होतं. एक छोटी ओळ. थांबण्याची."

"किती थांबायचं?"

आकडा होता. बुधवारी नवऱ्यानं तो वाचला होता. मी डोळे मिटले, तरी तो आला नाही. "आठवत नाही," मी म्हणाले. "चुकीचं सांगण्यापेक्षा…"

"चालेल. ते मी मोजून काढतो."

दोन दिवस फोन आला नाही. मला वाटत होतं, मी त्याला चुकीच्या वाटेला लावलं आणि उरलेले दिवसही घालवले. मग कॉलेजात, तास संपवून बाहेर आले तेव्हा त्याचा निरोप दिसला. सगळे बोर्ड रात्रभर पडू देऊन सकाळी सुरू केले होते, आणि प्रत्येकाची चिप दुसऱ्या विचारण्याला हजर झाली होती.

दुरुस्ती आता लागली आहे. तिच्याखाली दोन नावं आहेत, त्याचं आधी, मग सहकाऱ्याचं. काम कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. दोनदा आलेल्या ओळीच्या वर सहकाऱ्यानं टीप लिहिली आहे, ही चूक नाही, काढू नये. तिची प्रत त्यानं मला पाठवली. मी ती एकटीनंच तपासली, स्वतःच वाचून.

लॅपटॉप टेबलावर आहे. इन्व्हर्टर पुन्हा पंख्याला जोडला. पिन मला माहीत नाही.