शनिवारची चौकशी

"माझ्याबद्दल मनात काही आहे का?"

दार उघडताच शेजारचे काका हेच विचारायचे. आमच्या खडकीच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजावरची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. कुणाशी वाकडं असताना त्या मेजाकडे जायचं नाही, अशी शिकवण. ती आम्ही सगळेच ऐकतो आणि सोडून देतो. दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले काका मात्र आदल्या शनिवारी गल्लीतलं एकेक दार वाजवायचे.

तुम्हाला सांगतो, फार अवघड व्हायचं. एकदा मी म्हटलं, "नाही हो काका, काही नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "परवा गाडी लावण्यावरून पुटपुटलास, ते?"

मग माझी माफी, त्यांचीही, आणि चहा.

त्यांनी कधी विचारलं नाही ते फक्त स्वतःच्या घरात. एका शनिवारी त्यांच्याकडे बसलो असताना मी चेष्टेने म्हटलं, "आणि काकूंना विचारलंत?"

"घरच्यांना काय विचारायचं? चाळीस वर्षं झाली."

काकू मागे तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. ते मी पाहिलं, काकांनी नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी बोलावल्यावर सगळे पुढे गेले. काकू शेवटच्या बाकावर बसून राहिल्या. भाकरीच्या तुकड्यासाठी हात पुढे करता करता काकांनी मागे वळून पाहिलं. बरं नसेल म्हणावं, तर काकू सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या. नसती काडी मीच टाकली होती.

काकांनी हात मागे घेतला आणि मधल्या वाटेने ते मागे गेले. पेटीवाला वाजवायचा थांबला, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

"माझ्याबद्दल मनात काही आहे का?"

"आहे," काकू म्हणाल्या. "इथे सांगू की घरी?"

"घरी," म्हणून काका त्यांच्याशेजारी बसले. त्या रविवारी दोघांनीही प्रभुभोजन घेतलं नाही.

काकूंनी काय सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. दिवसभर त्यांचं दार बंद होतं. पुढच्या महिन्यापासून काका आमच्याकडे तासभर उशिरा यायला लागले. "आधी घरचं," म्हणायचे.

मागच्या महिन्यात काका गेले. काल पहिला शनिवार होता. संध्याकाळ झाली, दार वाजलं नाही. मला फार चुकल्यासारखं झालं. बराच वेळ बसून राहिलो, मग उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला विचारलं, "माझ्याबद्दल मनात काही आहे का?"

तिने गॅस बंद केला आणि मला बसायला स्टूल पुढे सरकवलं.