वालाच्या मांडवाखालचं वारूळ

आई गेली त्या पावसाळ्यात मी तिच्या गाडग्यातलं वालाचं बी परसात लावलं. आमच्याकडे या वालाला पोपट म्हणतात. राखेत जपलेलं बी तेवढंच होतं. ते सगळं लावलं, मागे काही ठेवलं नाही.

वेल मांडवावर चढले. दसऱ्यानंतर पाऊस उघडला आणि बांबूंवर मातीच्या रेघा दिसू लागल्या. उधई, म्हणजे वाळवी. आई रोज सकाळी विळ्याच्या पाठीनं अशा रेघा खरवडायची. मीही खरवडू लागले, पण वाळवी खाली मुळांना लागली होती. दोन वेल वाळले आणि मांडवाखाली वारूळ वर आलं. दिवाळीपर्यंत ते गुडघ्याला लागलं.

एका सकाळी त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल होतं. शेजारच्या काकू कुंपणाशी उभ्या होत्या.

“हात नको लावजो बाई त्याले. तुही माय आली हाय.”

दुःखात असं काही कानावर पडलं की ते खरं असावं असं वाटतं. त्या संध्याकाळी मी वारुळाजवळ बसले, थोडं बोललेही. सकाळी तिसरा वेल पिवळा पडलेला.

मग मात्र राग आला. आईच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडले. त्या घरात वाढलेली ती, वाकायची ती निंदणापुरती. आता तिला वाळवीचा ढीग करून पाया पडून घ्यायला बसवायचं? तेही तिचंच बी खाणाऱ्या वाळवीचा?

मी सब्बल, म्हणजे पहार, आणली.

“काऊन खणून राह्यली? पाप लागन!”

“लागू द्या, काकू. वेल त वाचन.”

“पुस्तकं वाचू वाचू डोस्कं फिरलं तुहं. माय आली म्हणतो मी!”

“माही माय आली असती त आधी शेंगा तोडल्या असत्या तिनं.”

माती सिमेंटसारखी घट्ट होती. हाताला फोड आले. कमरेइतकं खोल गेल्यावर राणी सापडली, अंगठ्याएवढी, पांढरी, हलताही न येणारी. तोवर काकूंच्या कोंबड्या कुंपणाखालून घुसल्या होत्या. त्यांना पापपुण्य ठाऊक नव्हतं. मी वर टाकलेल्या मातीतली वाळवी त्यांनी टिपली, राणीही गिळली. काकू “हट, हट” करत राहिल्या आणि शेवटी तोंडाला पदर लावून आत गेल्या. रागानं की हसू लपवायला, मला कळलं नाही.

खड्डा बुजवला, वेलांना पाणी दिलं. पिवळा पडलेला वेल गेलाच. उरलेल्यांना शेंगा धरल्या. त्यातली एकही मी शिजवली नाही. वेलावरच वाळू दिल्या आणि सगळं बी आईच्या गाडग्यात, नव्या राखेत ठेवलं.

परवा कुंपणाशी पुन्हा ओली माती वर आली. सकाळी पाहिलं तर त्यावर कुंकू होतं.

मी ती कुंकवासकट खणली.