चकतीला हवा तो उजेड

मसोलीच्या नूतनला चिकू कळतो. झाडावरच्या फळाला हात न लावता, नुसत्या रंगावरून ती सांगते, हे चार दिवसांनी पिकेल. त्याच चिकूच्या वाळवलेल्या चकत्या ती गेलं वर्षभर पाकिटांत भरून विकत होती. फोटोत मात्र त्या चिखलाच्या ढेकळांसारख्या दिसत.

चारोटीला भाविका नावाच्या बाईचं दुकान होतं. ती ऑनलाइनही माल विकायची. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं, "नूतनबेन, माल एक नंबर. पण फोटो बघून गिऱ्हाईक समजेल, गुरांची पेंड आहे. शनिवारपर्यंत नीट पाठवा, नाहीतर नव्या यादीत तुम्ही नाही."

यादीत नाही, म्हणजे पुन्हा शेजारपाजारच्या ओळखीवर विकणं.

मग नूतनने जे केलं ते बागेतल्या कुठल्याही बाईने केलं असतं. चकत्यांना कडक ऊन लागतं, तर फोटोलाही लागणार. भर बारा वाजता ती ताट घेऊन गच्चीवर गेली. पाकीट आरशासारखं चमकलं, चकत्यांखाली काळ्याकुट्ट सावल्या पडल्या. शुक्रवारी व्हिडिओ बघून त्याच उन्हात मागे पांढरा कागद लावला. तोही डोळ्यांत खुपला.

सासूबाई, आनंदीबाई, जिन्याच्या पायरीवरून बघत होत्या. "चिकूला स्थळ आलंय का गं? आमच्या वेळी गिऱ्हाईक फळ दाबून बघायचं. फोटो नाही मागितला कुणी."

"मोबाइलमधून दाबता येत नाही ना, आई."

बोलून गेली आणि तिने ताट खाली ठेवलं. दाबता येत नाही. मग जे बोटाला कळतं, ते डोळ्याला कळायला हवं.

शनिवारी सकाळी ती खाटेवर वाळत घातलेल्या चकत्या पालटायला गेली. माश्या बसू नयेत म्हणून खाटेवर चार काठ्या बांधून सासूबाईंचं जुनं पांढरं नऊवारी पातळ ताणलेलं असे. ते उचलायला वाकली आणि तशीच थांबली. कापडाखालच्या मऊ उजेडात प्रत्येक चकती वेगळी होती. दाणेदार, कडेला मधाच्या रंगाची, मधोमध बियांच्या रिकाम्या जागांची चांदणी. वर्षभर हा उजेड रोज तिच्या हाताखालून गेला होता.

तिने कापड काढलं नाही. मोबाइल धरलेला हातच आत घातला.

फोटो आधी सासूबाईंना दाखवला. आनंदीबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. मग सवयीने त्यांचा अंगठा पुढे आला आणि त्यांनी चकती हलकेच दाबली. फोटो सरकला, कालचा उन्हातला आला.

"हा नको," त्या घाईघाईने म्हणाल्या. "आधीचा आण. तोच पाठव."

भाविकाचा निरोप आला तेव्हा नूतन खाटेपाशी होती. 'आता बरोबर, बेन. शंभर पाकिटं तयार ठेवा.' तिने तो दोनदा वाचला, मोबाइल कमरेला खोचला आणि राहिलेल्या चकत्या पालटायला घेतल्या.