आयोवाच्या मापाची वडी

मिनेसोटातल्या हॅलम गावच्या शाळेत आर्डिस क्वामेने एकतीस वर्षं रांधलं. त्या एकतीस वर्षांत तिने कापलेली एकही वडी शेजारच्या वडीपेक्षा मोठी निघाली नाही. खोटं वाटत असेल तर गावात कुणालाही विचारा. दोनशे चाळीस पोरांची रांग, चॉकलेटच्या बार्सची परातीएवढाली ताटं, पण "त्याला मोठी, मला बारीक" हे भांडण कधी झालं नाही. बाई एरवी लोण्यासारखी मऊ. सुरी हातात आली की मात्र तिच्याशी बोलायची सोय नसे.

निवृत्त होऊन घरी बसली, आणि सहा महिन्यांत विटली. त्याच सुमारास मिनेसोटाने हेंपच्या खाऊला परवानगी दिली. हेंप हे भांगेचं सख्खं भावंड; झाडात नशा नावापुरती, पण अर्क काढला की ती गोळा होते. कायदा म्हणाला, एका वडीत नशेचा अंश पाच मिलिग्रॅम, एका पाकिटात पन्नास, आणि खाणारा एकवीस वर्षांचा. पाहुआ लोर या पोरीने गावातल्या बंद पडलेल्या लोण्याच्या कारखान्यात तो अर्क घालून, रूबार्बच्या लाल आंबट देठांच्या जेलीच्या वड्या करायला घेतल्या. पाहुआ शाळेत असताना आर्डिस तिला रोज एक पाव जास्त वाढायची, कारण घरी नऊ माणसं आहेत हे तिला ठाऊक होतं. आता पाहुआने येऊन विचारलं, "मिसेस क्वामे, कापायला याल का? माझ्या वड्या लॅबमध्ये नापास होतात." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आर्डिस एप्रन बांधून हजर.

काम सोपं होतं आणि नव्हतंही. ताटात ओतलेल्या लादीत एकूण दोनशे मिलिग्रॅम. आठ रांगा उभ्या, पाच आडव्या, म्हणजे चाळीस वड्या. सुरी केसभर सरकली तर एक वडी कायद्याच्या बाहेर. आर्डिस आल्यापासून एकही नापास झाली नाही.

आता तिच्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण खरी अडचण तिथे होती. लव्हॉन आर्डिसपेक्षा पाच वर्षांनी मोठी. अकरा मैल दक्षिणेला, म्हणजे शेजारच्या आयोवा राज्यात, राहायची. अडतीस वर्षं जिल्ह्याच्या कचेरीत जमिनींची दफ्तरं सांभाळलेली बाई. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणारी. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती आणि रात्रीची झोप उडाली होती. दर गुरुवारी ती गाडी घेऊन आर्डिसकडे यायची, जेवायची, आणि गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीला स्वतःच्या हाताने अडकवून मगच अर्धी वडी तोंडात टाकायची. रात्रभर झोपायची. सकाळी कॉफी पिऊन परत. वडीने झोप लागायची की बहिणीच्या घरी म्हणून लागायची, हे डॉक्टर जाणोत. लागायची एवढं खरं.

सप्टेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरने तिचं गाडी चालवणं बंद केलं. आर्डिस म्हणाली, मी येते न्यायला. लव्हॉन म्हणाली, मी काय बटाट्याचं पोतं आहे न्यायला-आणायला? गुरुवार बंद पडला. फोनवर तिचा आवाज आठवड्यागणिक बारीक होत चालला आणि आर्डिसचा जीव तीळतीळ तुटायला लागला.

आयोवाचा कायदा वेगळा. तिथे वडीत चार मिलिग्रॅमच चालतात, अख्ख्या पाकिटात दहाच, आणि माल राज्याकडे नोंदवलेला हवा. मका तोच, वारा तोच, मध्ये फक्त एक पाटी. पण पाटीच्या अलीकडचा खाऊ पलीकडे गुन्हा. आर्डिसला हे पाठ होतं. तरीही नोव्हेंबरात, सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी, तिने लेफ्साच्या डब्यात, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्यांच्या खाली, एक पाकीट सरकवलं आणि डबा लव्हॉनच्या हातात देऊन आली.

लव्हॉनला ते सापडलं. दुसरी कुणी असती तर गुपचूप खाल्लं असतं, नाहीतर कचऱ्यात टाकलं असतं. लव्हॉनने शेरीफच्या कचेरीला फोन लावला आणि आपल्या घरात बेकायदा माल सापडला असल्याचं स्वतःच कळवलं. डेप्युटी हाइडेकर आला. दोन कप कॉफी प्याला, तीन लेफ्से खाल्ले, पाकीट घेतलं, आणि मॅडम, तुम्ही आता स्वस्थ राहा, असं सांगून गेला. स्वस्थ कसली राहते! तिने तडक आर्डिसला फोन केला.

"अडतीस वर्षांत माझ्या दफ्तरात एक खाडाखोड सापडली नाही कुणाला," ती म्हणाली. "आणि तू मला माझ्याच स्वयंपाकघरात चोर केलंस."

"अगं, तुला झोप लागावी म्हणून..."

"झोप मागितली होती मी. लबाडी नाही." फोन ठेवला गेला तो ठेवलाच.

नाताळ गेला, नवं वर्ष गेलं. आर्डिसने तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पहिल्यांदा तिला राग आला. असली कसली सोवळी बाई, सख्ख्या बहिणीवर पोलीस घालते! पण राग ओसरला तसं तिला कळलं की चूक आपलीच आहे. लव्हॉनला वडी नको होती असं नव्हे. तिला ती ताठ मानेने हवी होती. एवढी वर्षं मापात वड्या कापणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं होतं, आणि ते कळलं नाही याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

जानेवारीत ती पाहुआसमोर जाऊन उभी राहिली. आयोवासाठी वेगळी वडी करायची, रीतसर नोंदवून. पाहुआने कपाळाला हात लावला. वेगळं पाकीट, वेगळं लेबल, वेगळी लॅब, अर्जांचा गठ्ठा, आणि एवढं करून विकणार कोण?

"एका बहिणीसाठी अख्खं राज्य उघडायचं म्हणता, मिसेस क्वामे?"

"मला बहीण एकच आहे," आर्डिस म्हणाली.

पाहुआने एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, अर्ज मी भरते, पण कापायचं कसं ते तुम्ही बघा.

आर्डिस बघूनच आली होती. लादी तीच, दोनशेची. आठ रांगांऐवजी दहा पाडायच्या. पाच आडव्या तशाच. चाळीसाच्या पन्नास होतात आणि पाचाचे चार. दोन राज्यांच्या कायद्यांमध्ये सुरीच्या दोन रेघा, बस्स. पण पहिला नमुना लॅबने परत पाठवला. एक वडी चाराच्या वर गेली होती. आर्डिसला न बघता कळलं की ती कोपऱ्यातली. जेली कडेला चढते, शाळेच्या बार्ससारखीच. तिने आधी चारी बाजूंनी बोटभर कड काढून टाकली आणि मग दहा रांगा पाडल्या. प्रत्येक वडी चाराच्या जरा आतच राहिली. पाकिटात दोन वड्या. तिसरी घातली की दहाच्या वर जातं, म्हणून दोनच.

एप्रिलमध्ये नोंदणी झाली. लव्हॉनच्या गावातल्या किराणा दुकानाने दोन डझन पाकिटं ठेवून घेतली. आर्डिसने बहिणीला कळवलं नाही. कळवणं म्हणजे पुन्हा मागच्या दाराने शिरणं, असं तिला वाटलं. दुकान लव्हॉनच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर होतं आणि आठवड्याचं दूध ती तिथूनच आणायची. आर्डिसने वाट पाहायची ठरवलं, आणि वाट पाहणं किती जड असतं ते तिला त्या दिवसांत समजलं.

बारा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, फोन वाजला.

"आर्डी," लव्हॉन म्हणाली, जणू कालच बोलणं झालं होतं. "तुमचं हे पाकीट उघडत नाही."

मुलांना उघडता येऊ नये म्हणून कायद्याने पाकिटं तशीच करावी लागतात, पण वाकड्या बोटांचा विचार ना मिनेसोटाने केला होता ना आयोवाने. आर्डिसने फोन ठेवला. एप्रन सोडला, गाडी काढली, आणि अकरा मैल सरळ गेली.

स्वयंपाकघराच्या टेबलावर पाकीट होतं, त्याच्याजवळ भिंग, आणि एक कागद. लव्हॉनने लेबलावरचं अक्षर न् अक्षर वाचून, राजधानीत डे मॉइनला फोन करून, माल नोंदवलेला असल्याची खात्री करून घेतली होती. कोण बोललं त्याचं नाव, तारीख आणि वेळ कागदावर लिहिली होती. खाली रेघ मारली होती.

दोघींनी ओव्हनमधून काढलेली गरम हॉटडिश खाल्ली. हवामानाबद्दल बोलल्या, पाहुआच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. आर्डिस एकदाच म्हणाली, "नोव्हेंबरात माझं चुकलं." लव्हॉन म्हणाली, "हो, चुकलं," आणि तिला आणखी एक डाव वाढला. ताटं विसळून झाल्यावर आर्डिसने पाकिटाचा कोपरा चिमटीत दाबून ओढला. दोन लाल वड्या बशीत पडल्या. लव्हॉनने एक उचलून भिंगाखाली धरली.

"बारीक कापलीस."

"तुझ्या राज्याचं माप आहे."

"आणि दोनच का?"

"तुझ्या कायद्यात दोनच बसतात."

लव्हॉनने दुसरी बशी काढली. एक वडी स्वतःपुढे ठेवली, एक आर्डिसपुढे. मग तिने हात पुढे केला, तळवा वर.

"किल्ली दे," ती म्हणाली. "हे खाऊन गाडी चालवणं दोन्ही राज्यांत गुन्हा आहे."

आर्डिसने किल्ली दिली. लव्हॉनने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि पलीकडच्या खोलीतला दिवा लावला. तिथल्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती, आणि उशीवर घडी करून ठेवलेला आर्डिसच्या मापाचा झोपायचा झगा.